भिंतीवरचा ऑगस्ट

आमच्या कामातला पहिला नियम असा, की चित्रातल्या मुलाकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी भिंत. मग फरशी, छत, खिडकी, खिडकीतून बाहेरचं काही दिसत असेल तर ते. मग कोपऱ्यात पडलेल्या वस्तू, म्हणजे चार्जर, चादर, पाण्याची बाटली, दप्तर. एवढं सगळं लिहून झालं की मग मूल. नवीन माणसाला हे विचित्र वाटतं, जरा निर्दयही वाटतं. पण मुलाकडे आधी बघितलं तर दिवसभर दुसरं काही दिसत नाही, आणि मुलापर्यंत पोचायचं तर दुसरंच काहीतरी दिसावं लागतं.

मी पोलीस नाही. न्यायसहायक विज्ञान शिकले, काही वर्षं मोबाइल आणि हार्डडिस्कमधला डेटा काढून द्यायचं काम केलं, आणि मग लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या फायली तपासणाऱ्या एका पथकाच्या मदतीला गेले. इथे जे प्रकरण सांगते आहे त्यातलं गाव, माणसं आणि काही खुणा मी बदलल्या आहेत. मूल किती वर्षांचं, मुलगा की मुलगी, हेही सांगणार नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, त्याचं कलम २३ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. ते नसतं तरी मी बदललंच असतं.

या फायली येतात कुठून, तर बऱ्याचशा अमेरिकेतून. तिथल्या कंपन्यांना आपल्या यंत्रणेत असं काही आढळलं तर ते हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या तिथल्या राष्ट्रीय केंद्राला, म्हणजे एनसीएमईसीला, कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. या केंद्राची सायबर टिपलाइन १९९८ पासून चालू आहे. २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं, म्हणजे एनसीआरबीनं, त्यांच्याशी करार केला, आणि भारताशी संबंधित टिपा दिल्लीला, तिथून राज्याला, राज्यातून जिल्ह्याला यायला लागल्या. २०२२ या एका वर्षात भारताकडे बोट दाखवणाऱ्या टिपा ५० लाखांच्या वर होत्या. आकडा ऐकून लोक हादरतात. पण त्यात एकच व्हिडिओ शेकडो जणांनी ‘या नराधमाला पकडा’ म्हणून पुढे ढकललेला असतो, तेही आलं. (ढकलू नका हो. रागानं पाठवलंत तरी त्या मुलाचं चित्र आणखी एका फोनमध्ये गेलं, आणि कायद्याच्या हिशेबी ते तुम्ही पसरवलंच.)

मग एवढ्या ढिगातून नवं काय आणि जुनं काय हे यंत्र सांगतं. प्रत्येक फाइलची एक हॅश व्हॅल्यू, म्हणजे बोटाच्या ठशासारखा एक आकडा, निघते. फाइलमध्ये एक बिट जरी बदललं तरी ती पूर्ण बदलते, त्यामुळे मूळ पुराव्याला कुणी हात लावला नाही हे कोर्टात दाखवायला ती उत्तम. पण फोटो थोडा कापला, लहान केला, तर ती निरुपयोगी. म्हणून मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या हनी फरीद यांच्याबरोबर फोटोडीएनए तयार केलं. ते चित्र काळं-पांढरं करतं, ठरावीक आकारात आणतं, चौकटींमध्ये विभागतं आणि उजेड-अंधाराच्या फरकावरून खूण काढते. फोटोचा आकार बदलला तरी खूण जुळते. या यंत्रामुळे जुनी चित्रं पुन्हापुन्हा माणसांना बघावी लागत नाहीत, आणि त्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे. फक्त एक आहे. यंत्र सांगतं की हे चित्र आधी पाहिलंय. ज्या मुलाचं चित्र अजून कुणी पाहिलेलंच नाही, त्याच्याबद्दल यंत्र गप्प. बातम्यांमध्ये ‘सॉफ्टवेअरनं मुलाचा शोध लावला’ असं वाचलं की माझं डोकं फिरतं ते यामुळे.

आमच्याकडे आलेल्या संचात चार फोटो आणि एक छोटी क्लिप होती. २०२३ च्या सुरुवातीची गोष्ट. टीपमधल्या आयपी ॲड्रेसवरून पोलीस एका शहरातल्या माणसापर्यंत पोचले, फोन जप्त झाला. आम्ही त्यातल्या डेटाची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, घेतली, हॅश नोंदवली, मूळ मुद्देमाल सील. त्या माणसावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७-ब आणि पॉक्सोचं कलम १५ लागलं. पण त्यानं हे काढलेलं नव्हतं. त्याला एका ग्रुपवरून आलं होतं, ग्रुपवर टाकणाऱ्याला दुसरीकडून, आणि ती साखळी शेवटी खोट्या कागदपत्रांवर घेतलेल्या एका बंद नंबरवर जाऊन थांबली. मेसेजिंग ॲपमधून इतक्या हातांनी गेलेल्या फोटोत जागा, वेळ, कॅमेरा, यातलं काही उरत नाही. ॲपच ती माहिती पुसतं.

इंटरपोलकडे २००९ पासून आयसीएसई नावाचा आंतरराष्ट्रीय डेटाबेस आहे. कुठल्या देशात कुठल्या मुलाची ओळख पटली, कुठलं अजून बेवारस फिरतंय, याची त्यात नोंद असते. भारत त्यात २०२२ मध्ये सीबीआयमार्फत सामील झाला. तिकडून उत्तर आलं की हा संच कुणाकडे नाही. म्हणजे या डेटाबेसशी जोडलेल्या कुठल्याच देशानं हे मूल अजून नोंदवलेलं नव्हतं. आता फक्त खोली उरली.

या पद्धतीला मोठी परंपरा आहे. २०११ मध्ये डेन्मार्कच्या पोलिसांना काही फोटो सापडले. त्यातल्या एकात गाडीच्या खिडकीतून रस्त्यावरची एक पाटी दिसत होती, पिवळी, सूर्यफुलाच्या आकाराची. तसल्या पाट्या अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या महामार्गांवरच असतात. तिथले एजंट गाड्या घेऊन रस्तोरस्ती फिरले आणि शेवटी ती मुलगी सापडली. त्याआधी २००५ मध्ये टोरंटोच्या पोलिसांनी फोटोंमधून मुलीला पूर्ण पुसून नुसती खोली लोकांपुढे ठेवली. चादरीवरून, भिंतीवरून लोकांनी लगेच ओळखलं की हे फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधलं हॉटेल आहे. युरोपोलनं २०१७ पासून हेच जाहीरपणे चालवलंय. एखादी पिशवी, शाम्पूची बाटली, शर्टावरचं चिन्ह, एवढाच कापलेला तुकडा ते लोकांना दाखवतात आणि विचारतात, हे कुठे मिळतं?

आमच्या खोलीत डिस्ने नव्हतं. खालची अर्धी भिंत पोपटी ऑइलपेंटची, वर चुना. शहाबादी फरशी. पत्र्याची कोठी. एक देवळी, तिच्यात तेलाचा डाग. आणि भिंतीवर, खिळ्याला अडकवलेल्या कापडी पिशवीनं अर्धं झाकलेलं, एक कॅलेंडर.

क्लिपमध्ये कॅमेरा क्षणभर वर गेला होता. तेवढ्या चार-सहा फ्रेममध्ये लाकडी तुळया दिसत होत्या. शहरात वाढलेल्या मला ते नुसतं ‘जुनं घर’. आमचे हवालदार, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते एका निवृत्त गवंडीकाकांना घेऊन आले. त्यांना फक्त छताचा तुकडा दाखवला, तोही कागदावर छापून. अशी चित्रं बाहेरच्या कुणाला दाखवायची नसतात. दाखवायचा तो तुकडा, आणि त्यात मुलाचा केसही येता कामा नये. एका तुकड्यात कोपऱ्याला कोपर येत होतं, तो आम्ही वापरलाच नाही.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाजवळ नेला.

“माळवद आहे की, मातीचं सपाट छत. वर पत्रा पडलेला नाही अजून. तुळई बाभळीची.”

“कुठलं असेल काका?”

“सोलापूर म्हणा, धाराशिव, बीड, लातूर. नगरच्या खालच्या अंगालाही आहेत. कोकणात नाही बघायला मिळायचं, तिकडच्या पावसात टिकणार कसं? आणि हे बघा, हा उजेड दारातनं आलेला नाही. वर भोक ठेवलंय, काच बसवलीय.”

तो उजेड मी पाहिला होता. फरशीवर उन्हाचा एक चौकोन. खिडकीचा म्हणून मी नोंदवला होता खरा, पण त्यापुढे प्रश्नचिन्हही टाकलं होतं, कारण खिडकीचं ऊन लांबट, तिरकं पडतं. हा जवळजवळ नीट चौकोन होता, म्हणजे सूर्य डोक्यावर. क्लिपच्या आवाजात लांबून लाऊडस्पीकर ऐकू येत होता, सप्ताहातलं पारायण. (आवाज आम्ही चित्रापासून वेगळा काढून ऐकतो, आणि त्यातली मुलाची बाजू शक्य तेवढी गाळून. आवाज आणि चित्र एकत्र ऐकायचं-बघायचं नाही हा आमचा दुसरा नियम. चित्रापेक्षा आवाज जास्त दिवस डोक्यात राहतो.)

कॅलेंडरकडे येते, कारण बाकी सगळं त्यापुढे फिकं आहे.

पान कुठल्या महिन्याचं ते पिशवीमागे गेलं होतं. तारखांच्या चौकटी दिसत होत्या. महिना सोमवारी सुरू होणारा, ३१ दिवसांचा. सोमवारी १५ तारखेला सुट्टीचा लाल रंग. आणि बुधवारी ३१ तारखेच्या चौकटीत छोटासा गणपती. ऑगस्ट सोमवारी सुरू झाला २०११, २०१६ आणि २०२२ मध्ये. २०११ मध्ये गणेश चतुर्थी १ सप्टेंबरला होती, २०१६ मध्ये ५ सप्टेंबरला. ३१ ऑगस्टला बुधवारी गणपती बसले ते २०२२ मध्येच. हे पंचांग उघडून पाच मिनिटांत झालं. पण आपल्याकडे भिंतीवरचं पान उलटायचं राहून जातं, दिवाळी आली तरी ऑगस्टच लटकत असतो. म्हणजे एवढ्यावरून फक्त इतकंच म्हणता येत होतं की फोटो त्याआधीचा नसावा.

मग चौकटींमधली पेनाची अक्षरं. मराठी घरातलं कॅलेंडर हे तारीख बघायला कमी आणि हिशेब लिहायला जास्त असतं. १९ तारखेच्या चौकटीत कुणीतरी ‘गॅस’ लिहिलं होतं, म्हणजे त्या दिवशी नवं सिलेंडर लावलं. आणि प्रत्येक चौकटीत वरखाली दोन बारीक आकडे. मला आधी वाटलं दुधाचा रतीब. अण्णा म्हणाले, “ताई, रतीबाला दशांश कोण लिहितं? हे डेअरीला घातलेलं दूध आहे. वर सकाळचं, खाली संध्याकाळचं.”

आकडे २३ तारखेपर्यंत होते. आणि २३ च्या चौकटीत वरचा आकडा होता, खालचा नव्हता.

एवढं पुरेसं नव्हतं. जनावर आटलं असेल, लिहिणारी बाई माहेरी गेली असेल, पेन संपलं असेल. पण जर लिहिणं रोजचं असेल, तर हा फोटो २३ ऑगस्ट २०२२, मंगळवार, सकाळचं दूध घालून झाल्यावर आणि संध्याकाळचं घालायच्या आधी काढलेला होता. ऊन डोक्यावर, सप्ताह चालू, श्रावण संपायला चार दिवस. सगळं एका रेषेत बसत होतं. आणि मंगळवारी दुपारी मूल शाळेत असायला हवं होतं.

आता ते आकडे वाचायचे. फोटो इतका दाबला गेलेला की ३ आणि ८ सारखेच दिसत. एका उत्साही पोरानं मला एक ॲप दाखवलं, धूसर फोटो लख्ख करून देणारं. मी नको म्हटलं. ही एआयवाली ॲप्स अस्पष्ट जागी काय असावं याचा अंदाज करून नवं काढतात. ३ चा सुबक ८ करून देतील, आणि मी तो ८ घेऊन भलत्याच घराच्या दारात पोलीस उभे करीन. आमचा रस्ता लांबचा आहे. क्लिपमधल्या ज्या फ्रेममध्ये कॅलेंडर येतं त्या सगळ्या काढायच्या, एकमेकींवर नेमक्या बसवायच्या आणि सरासरी घ्यायची. प्रत्येक फ्रेममधला खरखरीतपणा वेगळा असतो, तो एकमेकांना खातो, आणि शाईची रेघ मात्र प्रत्येक फ्रेममध्ये तिथेच असते, ती गडद होत जाते. मग प्रत्येक चौकट वेगळी कापून दोन माणसांनी स्वतंत्रपणे वाचायची, एकमेकांना न विचारता. दोघांचं जुळलं तर पक्कं, नाहीतर शंकेची खूण. अशा खुणा भरपूर झाल्या. शेवटी निम्म्याहून थोड्या कमी चौकटी पक्क्या मिळाल्या.

दुसरीकडे कॅलेंडरखालची पट्टी. ‘…संस्था मर्या.’ एवढं वाचता येत होतं, आणि शाखांच्या नावांपैकी एकाच्या शेवटी ‘वाडी’. महाराष्ट्रात वाडीनं संपणारी गावं शोधायची म्हणजे आनंदच. पण पतसंस्थेचं कॅलेंडर मोठ्या कंपनीच्या कॅलेंडरसारखं राज्यभर जात नाही. ते जानेवारीत खातेदारांना फुकट मिळतं, आणि खातेदार असतात आसपासच्या दहा-पंधरा गावांतले. असली बरीच कॅलेंडरं तमिळनाडूत शिवकाशीला छापली जातात. एजंट नमुन्याची चोपडी घेऊन येतो, चित्र पसंत करायचं, आणि खालची नावाची पट्टी पुष्कळदा तालुक्याच्या प्रेसवाल्याकडून छापून घ्यायची. चित्रावरून काहीच कळणार नव्हतं. पट्टीवरून कळण्यासारखं होतं.

गवंडीकाकांनी सांगितलेल्या जिल्ह्यांमधले प्रेसवाले अण्णांनी पायी पालथे घातले. काही ठिकाणी मीही गेले. बहुतेकांनी बघून मान हलवली. एकानं आम्हाला निवडणुकीचं पत्रक छापायला आलेले समजून दरपत्रक हातात ठेवलं. मग एका बाजारपेठेच्या गावात, एसटी स्टँडमागच्या गाळ्यात, एक काका कटिंग मशीनवर लग्नपत्रिका कापत होते. त्यांनी कागद घेतला, बोटानं पट्टीच्या कडेवरून फिरवलं.

“बॉर्डर माझी आहे. ही नागमोडी आता कोणी वापरत नाही. कॉम्प्युटरवर, श्रीलिपीत, मीच बनवून ठेवलेली.”

“कुणासाठी छापलं होतं, काका?”

“वही बघितल्याशिवाय तोंडानं कसं सांगू? बसा. चहा सांगितलाय.”

कशासाठी हवंय हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. बिलबुकात एक पतसंस्था सापडली, तीन शाखा, दीड हजार प्रती. त्यातली एक शाखा वाडीनं संपणाऱ्या गावात.

पुढचं काम अगदीच रुक्ष झालं, आणि मला सगळ्यात आवडलेलं तेच. आता बऱ्याच दूध संकलन केंद्रांवर काट्याला आणि फॅट मोजणाऱ्या मशीनला कॉम्प्युटर जोडलेला असतो. खातेक्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), सगळं सकाळ-संध्याकाळ नोंदलं जातं, कारण त्यावर पैसे ठरतात. तपास अधिकारी मॅडमनी रीतसर पत्र देऊन, पण कारण गावात बभ्रा होणार नाही असं ठेवून, त्या तीन शाखांच्या टापूतल्या केंद्रांचा ऑगस्ट २०२२ चा डेटा मागवला. शेकडो खाती. मी आमचे वाचलेले आकडे एका बाजूला लावले आणि प्रत्येक खात्याशी ताडून बघितले. एका दिवसाचे ४.२ लिटर पन्नास जणांचे असतील. ओळीनं दहा-बारा दिवस सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही तेच, असं दोन घरांचं होत नाही. गायी ठरवून दूध देत नाहीत.

एक खातं जुळलं. दोघांनी पक्के म्हणून वाचलेले सगळे आकडे जुळले, आणि शंकेच्या खुणा टाकलेल्यांपैकीही बहुतेक. त्या खात्यावर २३ च्या संध्याकाळीही दूध घातलेलं होतं, पुढेही रोज. म्हणजे जनावर आटलं नव्हतं. आकडा भिंतीवर लिहायच्या आधीच फोटो निघाला होता.

इथे माझं काम संपलं. खातेदाराचं घर म्हणजे मुलाचं घर असं नसतं, हे मॅडमना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी शाळेचं हजेरीपत्रक बघितलं, घरात कोण कोण येतं-जातं ते काढलं. पॉक्सोच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, वर्दी न घालता घ्यायचा असतो. मॅडम साडीत गेल्या. आरोपी घरातला नव्हता, घरच्यांच्या भरवशातला होता. दूध लिहिणाऱ्या त्या बाईला, मुलाच्या आजीला, कशाचीच कल्पना नव्हती. दुपारी घरची मोठी माणसं रानात असत.

दुपारी चारच्या सुमारास मॅडमचा फोन आला, “भेटलं.” पुढचं बालकल्याण समिती, समुपदेशक, वैद्यकीय तपासणी. मी त्या मुलाला कधी भेटले नाही, भेटणारही नाही. त्याचं नाव मला कागदपत्रांतून कळलं. तोवर आमच्यासाठी ते मूल म्हणजे एक फाइल नंबर होता. आयसीएसईमध्ये ओळख पटल्याची नोंद गेली. ही नोंद नुसती औपचारिक नसते. उद्या तीच चित्रं पोर्तुगालमधल्या किंवा केनियातल्या एखाद्या जप्त फोनमध्ये सापडली, तर तिथल्या माझ्यासारखीला लगेच दिसेल की या मुलाला शोधायचं नाही, ते सापडलंय. तिचे कित्येक दिवस वाचतील. तिला ती चित्रं बघावीही लागणार नाहीत.

विशेष न्यायालयात माझी साक्ष झाली. डिजिटल पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचं होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ झालं, तोवर आमचे कागद दाखल झाले होते. बचाव पक्षाचे वकील हुशार होते. हॅश, इमेज, सील, सगळ्यावरून गेले आणि कॅलेंडरवर आले.

“मॅडम, अशी कॅलेंडरं किती घरांत आहेत?”

“दीड हजार छापली होती.”

“म्हणजे दीड हजार घरांतलं कुठलंही असू शकतं.”

“कॅलेंडर असू शकतं. त्यावरचे आकडे नाही.”

“लिटरचे आकडे तर साधारण सारखेच असतात ना?”

मी दोन तक्ते पुढे ठेवले. एक आम्ही केंद्राचा डेटा यायच्या आधी वाचून, सही करून, बंद पाकिटात ठेवलेला. दुसरा केंद्राचा. आधी वाचून सीलबंद ठेवायची कल्पना अण्णांची. “नंतर म्हणतील, तुम्ही बघून भरलं,” असं ते म्हणाले होते, आणि वकीलसाहेबांचा पुढचा प्रश्न नेमका तोच होता.

हे प्रकरण मी सांगते आहे कारण ते शेवटाला गेलं. बहुतेक जात नाहीत. बऱ्याच संचांमध्ये पांढरी भिंत असते आणि कुठेही मिळणारी चादर. हॉटेलची खोली असते, पण देशातल्या निम्म्या लॉजमध्ये तोच पडदा. अशा फायली बंद होत नाहीत, पडून राहतात. मधूनमधून मी त्या उघडते, कारण दरम्यान मी काहीतरी नवं शिकलेली असते. आता आणखी एक भर पडली आहे. एआयनं बनवलेली चित्रं. आधी हे ठरवावं लागतं की हे मूल खरंच आहे का. सध्या तरी त्यांची खोली फसते. स्विचबोर्डला बटणं असतात पण सॉकेट वितळलेलं, कॅलेंडरवर आठवड्याला सहा वार. ही चूक फार दिवस राहील असं मला वाटत नाही. आणि तोवर, नसलेल्या मुलाला शोधण्यात गेलेला वेळ असलेल्या मुलाच्या वाट्यातून जातो.

कामाच्या जागी काही पथ्यं पाळतो. चित्रं लहान आकारात, आधी काळी-पांढरी. जेवणाआधीचा तास यातलं काही नाही. संध्याकाळनंतर नाही. समुपदेशकाकडे जायचं, ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यानं तर नक्कीच. एवढं करूनही काही सवयी घरी येतात. बहिणीनं भाच्याचा फोटो पाठवला की मी आधी मागची भिंत बघते. शाळेचा बिल्ला, सोसायटीची कमान, बाल्कनीतून दिसणारी पाण्याची टाकी. तिला एकदा फोटो पुसायला लावला तर ती चिडली. तिचंही बरोबर आहे.

त्या प्रेसवाल्या काकांचा डिसेंबरात फोन येतो. नवीन नमुने आलेत, एक संच बाजूला ठेवू का? मी ठेवायला सांगते. आमच्या कपाटात आता तालुक्यातालुक्यांतली कॅलेंडरं आहेत, शाळांच्या गणवेशाच्या कापडाचे तुकडे आहेत, टाइल्सवाल्यांचे जुने कॅटलॉग, मंगलोरी कौलांवरच्या कारखान्यांच्या शिक्क्यांचे फोटो, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या, वर्षाप्रमाणे लावून. ऑडिटला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे कुठल्या हेडखाली टाकायचं? अजून टाकलेलं नाही.

सध्या एक फायबरचा दरवाजा डोक्यात आहे. बाथरूमला लावतात तसा, निळा, त्यावर मोराचं चित्र, मोराची मान उजवीकडे वळलेली. आतापर्यंत मला मिळालेल्या सगळ्या मोरांची मान डावीकडे आहे. जालन्याच्या एका डीलरकडे २०१५-१६ चा जुना माल गोडाऊनमध्ये पडलाय म्हणे. शनिवारी त्याचा नोकर किल्ली घेऊन येणार आहे, तेव्हा अण्णा आणि मी जाऊन येणार आहोत.